बंद पडलेला बेरोजगार भत्ता पुन्हा मागताना : रोजगार हमीवरच्या एका कुटुंबाचे प्रकरण

रोजगार हमीत काम मागितले आणि पंधरा दिवसांत मिळाले नाही तर बेरोजगार भत्ता मिळतो, एवढे खान्देशातल्या बहुतेक गावांत ऐकून माहीत असते. भत्ता सुरू झाला, मग बंद झाला, आणि तेच कुटुंब काही महिन्यांनी पुन्हा दारात उभे राहिले तर काय, हे मात्र ग्रामपंचायतीपासून तहसीलपर्यंत कोणी छातीठोक सांगत नाही. या प्रकरणात नेमके तेच झाले. सारा पेच पहिला दावा संपला कसा, यात अडकला होता.

प्रकरण २०२३-२४ या आर्थिक वर्षातले आहे. महात्मा गांधी राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा, २००५ याची कलमे आणि दर त्या वर्षी होते तसे घेतले आहेत. ओळख पटू नये म्हणून गाव, नावे आणि काही बारीक तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

कुटुंब चार जणांचे. नवरा-बायको, सासू आणि शाळेत जाणारा मुलगा. शेती नाही. जॉबकार्डवर, म्हणजे कुटुंबाच्या रोजगार हमी नोंदणीपत्रावर, नवरा आणि बायको अशी दोन नावे. बाई गावात राहून शेतमजुरी आणि रोजगार हमी करते. नवरा हंगामाप्रमाणे कधी सालदार, कधी सुरतेकडे बिगारी, कधी वीटभट्टीवर.

२०२३ चा पावसाळा कोरडा गेला. ३१ ऑक्टोबरला राज्य सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात खान्देशातले तीन होते : नंदुरबार, शिंदखेडा आणि चाळीसगाव. हे गाव त्या तिघांपैकी एका तालुक्यातले. पण गावातली मजुरी ऑगस्टमध्येच बसली होती. कपाशी गुडघ्याएवढी होऊन थांबली, निंदणीला बाई लावायची कोणाची ऐपत राहिली नाही.

त्या वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २७३ रुपये होता. मे-जूनमध्ये कुटुंबाचे २४ दिवस भरले होते. कुटुंबाला वर्षात मिळणाऱ्या शंभर दिवसांतले ७६ शिल्लक.

पहिला दावा

२१ ऑगस्टला बाईने नमुना ४ भरून कामाची मागणी दिली. एकटीनेच, कारण नवरा तेव्हा एका शेतकऱ्याकडे कामाला होता. अर्ज भरून द्यायला मजुरांसोबत काम करणारा एक कार्यकर्ता होता, म्हणून दोन गोष्टी सुरुवातीलाच नीट झाल्या.

पहिली, तारखेची. बहुतेक मजूर 'आजपासून १४ दिवस काम द्या' असे लिहितात, कारण सलग किमान १४ दिवसांची मागणी लागते. त्यात गोम अशी आहे की काम द्यायला पंचायतीला १५ दिवस असतात. म्हणजे मागितलेला काळ चौदाव्या दिवशी संपतो आणि भत्ता लागू होण्याचा दिवस उजाडतच नाही. मागणीचा काळ संपला आणि तोवर कुटुंबातले कोणी कामावर आले नसेल तर भत्त्याची जबाबदारी संपते, असे कलम ७(३) सांगते. त्या वाक्याचा आधार घेऊन कितीतरी अर्ज निकामी होतात. म्हणून इथे अर्ज आगाऊ केला : अर्ज २१ ऑगस्टचा, काम हवे ६ सप्टेंबरपासून, ४२ दिवस, म्हणजे १७ ऑक्टोबरपर्यंत. ५ सप्टेंबरला पंधरा दिवस पुरे होतात. ६ तारखेला काम नसेल तर त्याच दिवसापासून भत्ता.

दुसरी गोष्ट पोचेची. नमुना ५ ही तारखेची पोच. रोजगार सेवकाने, म्हणजे ग्रामपंचायतीत रोजगार हमीचे कागद पाहणाऱ्याने, सही केली, शिक्का मारला आणि तारखेची जागा कोरी सोडून कागद पुढे सरकवला. "तारीख मांगून टाकसू," म्हणाला, म्हणजे नंतर टाकतो. कागद हातात न घेता बाई तिथेच बसून राहिली. दहा मिनिटांनी तारीख पडली. पुढे सगळा दावा त्या तारखेवर तरला.

कारण काम आले नाही आणि संगणकात मागणीही चढली नाही. मस्टर (कामाचा आठवड्याचा हजेरीपट) निघायची वेळ झाली तेव्हा, २० सप्टेंबरला, मागणीची नोंद त्याच दिवसाच्या तारखेने झाली. २७ सप्टेंबरला पत्र आले, २८ पासून कामावर या. संगणकाच्या हिशेबाने मागणीनंतर आठ दिवसांत काम दिले गेले, मग भत्ता कसला? ही युक्ती जुनी आहे आणि कागदावर तारीख नसेल तर तिला उत्तर नाही. काम तयार होईपर्यंत मागणी चढवायचीच नाही, की भत्त्याचा दिवस यंत्रात कधी उगवतच नाही.

बाईने पोचेची झेरॉक्स जोडून तहसीलदारांकडे, म्हणजे योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याकडे, लेखी तक्रार दिली. तक्रार नोंदवहीत घेऊन सात दिवसांत निकाली काढायची असते (कलम २३). आदेश ऑक्टोबरमध्ये झाला. आर्थिक वर्षातले पहिले ३० दिवस भत्ता मजुरीच्या किमान एक चतुर्थांश, म्हणजे ६८ रुपये २५ पैसे. ६ ते २६ सप्टेंबर असे २१ दिवस धरले. २७ ला कामाचे पत्र निघाले, आणि पत्र निघाले की भत्ता थांबतो. रक्कम १,४३३ रुपये. देय झाल्यापासून पंधरा दिवसांत द्यायची ती १७ नोव्हेंबरला खात्यात आली.

दावा कसा संपला

काम सामाजिक वनीकरणाचे होते. रस्त्याकडेच्या रोपांना आळी करणे, खुरपणी, पाणी. बाईने २८ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर असे एक मस्टर भरले, सहा दिवस.

त्या आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम गावात आला. दुष्काळाचा वास लागला की मुकादम लवकर फिरतात. नवरा-बायको जोडीला २० हजार उचल मिळत होती. सासूच्या औषधांची उधारी आणि किराणा त्यातच फिटणार होता. ५ ऑक्टोबरला दोघे गुजरातकडे निघाले, मुलगा सासूपाशी राहिला.

निघण्याआधी बाई रोजगार सेवकाला रस्त्यात भेटली. "भाऊ, आम्ही काही दिवस येवाव नही." तो बरं म्हणाला. तिच्या लेखी ही रजा झाली.

कायद्याच्या लेखी नाही. कलम ९ म्हणते, राबवणाऱ्या यंत्रणेची परवानगी न घेता सलग एका आठवड्यापेक्षा जास्त, किंवा कोणत्याही महिन्यात मिळून एका आठवड्यापेक्षा जास्त गैरहजर राहिलेल्या अर्जदाराला तीन महिने बेरोजगार भत्ता मागता येत नाही. यंत्रणा इथे सामाजिक वनीकरण होते. ग्रामपंचायतीच्या रोजगार सेवकाने मान हलवली तरी परवानगी देणे त्याच्या हातात नव्हते, आणि जे बोलणे झाले ते तोंडीच. मस्टरवर ५ ऑक्टोबरपासून तिच्या नावापुढे गैरहजेरी लागत गेली.

तिला भत्त्याची गरजच उरली नव्हती, म्हणून दावा कसा मिटतोय याकडे कोणी पाहिले नाही. पुढचा तिढा इथे तयार झाला.

परतल्यावरचा प्रश्न

२६ नोव्हेंबर २०२३ ला उत्तर महाराष्ट्र आणि गुजरातेत अवकाळी पावसाने झोडपले. वीटभट्टीवर कच्ची वीट म्हणजे वाळत घातलेली माती. पाडून ओळीने रचलेल्या विटा, वर ताडपत्री. वाऱ्याने ताडपत्री उडाली की अर्ध्या तासात विटेच्या कडा गळतात, तासाभरात ओळीचा चिखल होतो. मजुरी भट्टीत चढलेल्या विटेवर मोजली जाते, म्हणून भिजलेल्या मालाचे श्रम मजुराच्याच अंगावर पडले. खाचरे सुकायला पंधरा-वीस दिवस लागणार, तोवर भट्टीवर बसून खायचे कशाच्या जीवावर? मुकादमाशी हिशेब झाला, उचलीतले सहा हजार अंगावर राहिले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दोघे गावी परतले.

गावात काम नव्हते. दुष्काळ जाहीर होऊन महिना झाला होता आणि सवलतींत रोजगार हमीच्या कामांचे निकष काही प्रमाणात शिथिल करण्याचेही कलम होते. पण गावापर्यंत कामाचा आदेश पोचला नव्हता. बाई नमुना ४ मागायला गेली तर उत्तर मिळाले, "ताई, आते तुले तीन महिना काहीच भेटाव नही." शिवाय, भत्ता एकदा उचलला की वर्षभर परत नसतो, अशीही भर.

या दोन वाक्यांत दोन वेगवेगळ्या चुका आहेत. भत्ता वर्षातून एकदाच, असे कायद्यात कुठे नाही. वर्षाची मर्यादा वेगळी आहे : शंभर दिवस काम झाले, किंवा मजुरी आणि भत्ता मिळून शंभर दिवसांच्या मजुरीएवढी रक्कम झाली, की भत्ता थांबतो. आणि तीन महिन्यांची अट फक्त भत्त्याला लागते. कलम ९ चे शेवटचे शब्दच असे आहेत की असा अर्जदार काम केव्हाही मागू शकतो. 'भत्ता नाही' याचे 'काहीच नाही' झाले, आणि बाईचा अर्ज घेतलाच गेला नाही.

पर्याय काय होते

सर्वात सोपा वाटणारा मार्ग गैरहजेरीच खोडून काढण्याचा. रोजगार सेवकाला सांगितले होते, पाऊस झाला, अडचण होती, असे लिहून अट लागू नाही म्हणायचे. तो सोडला. तोंडी बोलण्याला साक्षीदार नव्हता, आणि परवानगी ज्या यंत्रणेची लागते तिच्याशी बोलणे झालेच नव्हते. अवकाळी पाऊस तर गैरहजेरीनंतर पावणेदोन महिन्यांनी आला. हरणाऱ्या मुद्द्यावर दोन महिने गेले असते.

दुसरा मार्ग थांबण्याचा. तीन महिने संपले की नवा अर्ज. पण तीन महिने मोजायचे कुठून? कलमात सुरुवातीचा दिवस दिलेला नाही. पहिल्या गैरहजेरीपासून, म्हणजे ५ ऑक्टोबरपासून मोजले तर मुदत ४ जानेवारीला संपते. आठवडा उलटला तो आठवा दिवस, १२ ऑक्टोबर, धरला तर ११ जानेवारीला. कार्यालयाने आदेशाची तारीख धरली तर त्याहून पुढे. शिवाय त्यानंतर अर्ज केला की पुन्हा पंधरा दिवस. म्हणजे जानेवारी अखेरपर्यंत हातावर हात.

तिसरा मार्ग नवऱ्याचा. कलम ९ 'अर्जदार' म्हणते. नवऱ्याने सप्टेंबरमध्ये काम मागितलेच नव्हते, त्याचे नाव मस्टरवर नव्हते, म्हणून गैरहजेरी त्याला चिकटत नाही. त्याने आज मागणी केली तर पंधरा दिवसांनी भत्त्याचा हक्क उभा राहतो. भत्ता कुटुंबाला एकत्रित देय असतो, तेव्हा पैसा त्याच चुलीत येणार. यात एक शंका होती : कार्यालय म्हणेल, दिलेले काम कुटुंबाने सोडले. पण तो मजकूर पहिल्या पोटकलमाचा आहे, दिलेले काम न स्वीकारण्याबद्दलचा. इथे काम स्वीकारले होते, एक मस्टर भरले होते. सोडून गेली ती एक व्यक्ती.

चौथा, पुन्हा भट्टीवर. मुकादमाचे फोन सुरू होते. यावर शेवटपर्यंत घरात एकमत नव्हते.

ठरले ते असे : दोघांनीही आताच काम मागायचे. भत्ता नवऱ्याच्या नावावर उभा करायचा. बाईच्या अर्जात तीन महिन्यांचा वाद उकरायचा नाही. तिने फक्त काम मागायचे आणि भत्त्याचा हक्क १२ जानेवारीपासून राखून ठेवत असल्याचे एका ओळीत लिहायचे. सर्वात कडक नाही पण वाजवी अशी मोजणी आपणच धरली की कार्यालयाला हरकत घ्यायला जागा कमी उरते. भांडण थोडे आणि काम लवकर, हा हिशेब शहाणपणाचा होता.

काय केले

८ डिसेंबरला दोन नमुना ४ तयार केले. दोन्हींत काम २४ डिसेंबरपासून, कारण ८ अधिक १५ म्हणजे २३. काळ ६० दिवसांचा, २१ फेब्रुवारीपर्यंत. या वेळी काळ मुद्दाम लांब ठेवला. एकाच व्यक्तीच्या दोन मागण्यांचे काळ एकमेकांवर चढलेले चालत नाहीत, म्हणून तुकड्या-तुकड्यांत मागणी केली तर मध्ये एखाद्या दिवसाची फट किंवा घडी पडते आणि अर्ज परत येतो.

ग्रामपंचायतीने नवऱ्याचा अर्ज घेतला, बाईचा नाही. कामाचा अर्ज ग्रामपंचायतीकडेच द्यावा लागतो असे नाही, कार्यक्रम अधिकाऱ्याकडेही देता येतो. त्याच दुपारी बाईचा अर्ज तहसीलच्या आवक विभागात दिला. सोबत अर्धे पान : ग्रामपंचायतीने अर्ज नाकारला, कलम ९ नुसार मला काम मागता येते. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही दुसऱ्या प्रतीवर घेतले. आवक क्रमांक घ्यायला लोक विसरतात, आणि महिन्याने कागद शोधायचा झाला की नुसत्या शिक्क्यावर कोणी शोधत नाही.

तिसरे काम बँकेचे. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारशी जोडलेल्या खात्यातच जमा होणार होती. यात पैसा खाते क्रमांक पाहून जात नाही. आधार शेवटचा ज्या बँकेशी जोडला असेल तिकडे जातो. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी सुरतेत ठेकेदाराच्या सांगण्यावरून एक खाते उघडले होते. त्याचे पासबुक हरवलेले, मोबाईल नंबर बंद. आधार तिथेच जोडलेला निघाला. जॉबकार्डवरच्या गावातल्या खात्यात सगळे बरोबर असून मजुरी सुरतेत जाऊन पडली असती. गावच्या बँकेत आधार जोडणीचा अर्ज भरून ती जोडणी इकडे आणली. कागद एकच, फेऱ्या तीन.

२४ डिसेंबर उजाडला, काम आले नाही. २६ ला नवऱ्याच्या नावे भत्त्याची मागणी आणि पोचेची प्रत तहसीलला दिली. ८ जानेवारीला पत्र निघाले : पाझर तलावातला गाळ काढण्याचे काम, ११ जानेवारी, गुरुवारपासून मस्टर. दोघांचीही नावे होती. बाईला तीन महिने काही मिळणार नाही असे सांगणाऱ्यानेच पत्र घरी आणून दिले.

हिशोब

नवऱ्याचे भत्त्याचे दिवस २४ डिसेंबर ते ७ जानेवारी, म्हणजे १५. पत्र निघाले ८ ला आणि काम सुरू ११ ला, मधले तीन दिवस कोणाच्याच हिशेबात नाहीत. 'कामावर येण्यास सांगितले' की जबाबदारी संपते, अशी कायद्याची भाषा असल्याने तिथे काही करता आले नाही.

दर मात्र वादाचा ठरला. आर्थिक वर्षातले पहिले ३० दिवस एक चतुर्थांश, पुढे किमान निम्मा. कुटुंबाची बाजू अशी : भत्ता कुटुंबाला एकत्रित देय आहे, सप्टेंबरमध्ये २१ दिवस झाले, तेव्हा आता ९ दिवस ६८.२५ रुपयांनी आणि उरलेले ६ दिवस १३६.५० रुपयांनी. एकूण १,४३३ रुपये. सप्टेंबरच्या रकमेशी हा आकडा तंतोतंत जुळतो, तो निव्वळ योगायोग. पण त्या योगायोगाने कारकुनाला वाटले की जुनीच मागणी पुन्हा लावली आहे, आणि फाईल आठवडाभर बाजूला पडली. हिशेबाचा तक्ता अर्जासोबत जोडला असता तर हे टळले असते.

कार्यालयाने अर्जदार वेगळा म्हणून तीस दिवस नव्याने मोजले. १५ दिवस, सगळे ६८.२५ ने, १,०२४ रुपये. फरक ४०९ रुपये ५० पैशांचा. कुटुंबाने मंजूर रक्कम घेतली आणि फरकाबद्दल लेखी हरकत दिली. रक्कम नाकारून वाद घालायचा सल्ला गावातल्या एकाने दिला होता, तो मानला नाही हे बरे झाले. पैसे घेतल्याने हरकत संपत नाही, फक्त हरकत आधी किंवा सोबत नोंदवलेली असावी लागते.

बाईच्या तीन महिन्यांचा मुद्दा तपासला गेलाच नाही. ती ११ जानेवारीलाच कामावर गेली. ५ ऑक्टोबरपासूनची मोजणी धरली असती तर ५ ते ७ जानेवारी या तीन दिवसांचा तिचाही भत्ता निघाला असता. तीन दिवसांसाठी सगळी फाईल पुन्हा उघडायची नाही, असे ठरवून ते सोडले.

तलावाच्या कामाची सहा मस्टरे झाली, दोघांचे मिळून ५६ दिवस. मधल्या सुट्ट्या या वेळी कागदावर घेतल्या : साध्या कागदावर तारीख, कारण, सही, आणि मस्टर ज्याच्याकडे त्याची पोच. फेब्रुवारी अखेरीस हरभरा-गव्हाच्या काढणीवर दोघांना शेतमजुरी मिळाली. मुकादमाचे सहा हजार त्यातून अर्धे फिटले.

मार्चमध्ये काम पुन्हा थांबले, तेव्हा तिसऱ्यांदा दावा करायचा का, हा प्रश्न आला. वर्षाचे दिवस मोजले : २४, ६ आणि ५६, एकूण ८६. पूर्ण दराने मजुरी २३,४७८ रुपये. दोन्ही वेळचा भत्ता २,४५७ रुपये. बेरीज २५,९३५. शंभर दिवसांची मजुरी २७,३००. म्हणजे भत्त्याला वर्षात फार तर १,३६५ रुपयांची जागा उरली होती. (मजुरी मोजमापावर निघते, पूर्ण दरापेक्षा कमी भरली असेल तर ही जागा प्रत्यक्षात थोडी जास्त.) अर्ज करून पंधरा दिवस थांबेपर्यंत मार्च संपला असता. म्हणून त्या वर्षासाठी मागणी केलीच नाही. १५ मार्चला आगाऊ अर्ज दिला, काम १ एप्रिलपासून. नव्या आर्थिक वर्षात शंभर दिवस नवे, भत्त्याचे तीस दिवसही नव्याने मोजायचे, आणि दर २९७ रुपये झाल्याने चतुर्थांश भत्ता ७४ रुपये २५ पैसे.

काय वेगळे करता आले असते

सर्वात महागात पडली ती ५ ऑक्टोबरची सकाळ. निघण्याआधी सामाजिक वनीकरणाच्या त्या कामावरच्या कर्मचाऱ्याकडे चार ओळी द्यायच्या होत्या : 'मी ४ ऑक्टोबरपर्यंत मस्टर पूर्ण केले आहे. कुटुंबाच्या अडचणीमुळे ५ ऑक्टोबरपासून कामावर येऊ शकत नाही, परवानगी द्यावी. २१ ऑगस्टच्या अर्जातील उरलेल्या दिवसांची मागणी मागे घेत आहे.' प्रत ग्रामपंचायतीला. परवानगी मिळालीच असती असे नाही. पण मागणी मागे घेतल्याची नोंद झाली की पुढच्या तारखांना गैरहजेरी लावायला आधार उरत नाही, आणि डिसेंबरमध्ये बाईचा अर्ज निर्धास्तपणे पुढे करता आला असता. तिचे २४ डिसेंबर ते ७ जानेवारी या पंधरा दिवसांतले भत्त्याचे पैसेही त्यातच होते.

दुसरे, ऑगस्टमध्येच दोघांची नावे अर्जात हवी होती की नाही, यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत. दोघांनी मागितले असते तर भत्त्याची रक्कम वाढण्याची शक्यता होती. पण मग ५ ऑक्टोबरनंतर गैरहजेरी दोघांच्या नावे लागली असती आणि डिसेंबरमध्ये मोकळे नाव एकही राहिले नसते. नवऱ्याचे नाव बाहेर राहिले ते ठरवून नव्हे, तो दुसरीकडे कामाला होता म्हणून. जी कुटुंबे हमखास स्थलांतर करतात त्यांनी भत्त्याच्या अर्जात सगळी नावे एकदम घालू नयेत, असे आमचे मत आहे.

तिसरे, संगणकातली नोंद. अर्ज दिल्यावर आठवड्याने मागणी चढली का, हे जॉबकार्ड क्रमांकावरून योजनेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. ऑगस्टमध्ये ते पाहिले असते तर २० सप्टेंबरची खोटी तारीख पडण्याआधीच तक्रार झाली असती आणि पहिला भत्ता भट्टीवर जाण्याआधी हातात पडला असता. त्या १,४३३ रुपयांनी उचल थांबली असती का, असे बाईला विचारले. ती म्हणाली, किराण्याचे भागले असते, औषधाचे नाही.

४०९ रुपये ५० पैशांची हरकत एप्रिल अखेरीपर्यंत तहसीलमध्ये होती. आवक क्रमांक टाकलेली प्रत जॉबकार्डच्या प्लास्टिकमध्ये ठेवलेली आहे.